साहेबांचे अर्थिंग

कागदासारखा गरीब प्राणी या जगात दुसरा नाही आणि त्याला वठणीवर आणायला मला एक दुपार पुरेशी आहे, असे मी ताईला सांगितले, तेव्हा ती हसली नाही. तिने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. ताई चष्मा पुसू लागली की समजावे, समोरच्या माणसाची अक्कल तिला नीट दिसेनाशी झाली आहे!

ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि माझी मालकीण. हे दोन्ही एकाच व्यक्तीत असणे हा नशिबाचा क्रूर विनोद आहे. रागावली की नक्की कोणत्या नात्याने रागावली, हे कळायला वेळ लागतो. तिचा कागद कापण्याचा कारखाना आहे. माणसाच्या उंचीची रिळे येतात, यंत्राची पाती त्यांचे ताव करतात आणि ते ताव पट्ट्यावरून धावत येऊन एकावर एक पडतात. त्यांची थप्पी होते. ऐकायला हे फार सोपे वाटते. कागदाला तसे वाटत नाही!

हवा कोरडी झाली की पट्ट्यावर घासत आलेल्या कागदाच्या अंगात स्थिर विद्युत भरते. मग त्याला एकटेपणा सोसवत नाही. वरचा कागद खालच्याला असा बिलगतो, की जणू सासरी निघालेली लेक आईच्या गळ्यात पडली आहे आणि टांगा बाहेर खोळंबला आहे! पाहायला हृद्य; पण छापखान्यात याचे कौतुक नसते. छपाईच्या यंत्राला थप्पीवरचा एकच कागद उचलायचा असतो. बिलगलेले दोन एकदम आत गेले की एक छापला जातो आणि दुसरा कोरा बाहेर येतो, ब्रह्मचाऱ्यासारखा.

आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या छापखान्याच्या मालकांनी गेल्या खेपेचा कागद परत पाठवला होता. बरोबर निरोप होता : "एक मागवला की दोन येतात. मी स्वतः येऊन पाहणार आहे."

या निरोपाने ताईची झोप उडाली. तिचे नवे, चकचकीत, पोपटी रंगाचे यंत्र चाचणीवर आलेले होते. इतकी वर्षे जुन्या खटाऱ्यावर काढल्यानंतर तिला हे यंत्र मिळाले होते आणि ते फिरते ठेवण्याइतके काम या एका साहेबांकडूनच येत असे. थप्पी सुटी दिसली तर काम राहणार, काम राहिले तर यंत्र राहणार. नाहीतर यंत्र पेटीत घालून परत. ताई रोज सकाळी स्वतःच्या हाताने ते पुसायची. भाऊजी एकदा म्हणालेही, "एवढ्या मायेनं माझ्याकडे कधी पाहिलं नाहीस!" त्यावर ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या वेळेवर कधी चालू झाला नाहीत!"

यंत्राबरोबर एक पट्टी आली होती. तिच्यावर सुयांची रांग होती. त्या सुया हवेत काहीतरी सूक्ष्म फुंकर घालत आणि खालून जाणाऱ्या कागदाचा विद्युतभार उतरवत. ताईने ती लावून घेतली होती आणि साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मला समोर उभे करून हुकूम सोडला होता.

"हे बघ. तू उद्या साहेबांशी गोड बोलायचंस. बसायला खुर्ची द्यायचीस. यंत्राला हात लावायचा नाही."

"पण ताई, नुसत्या पट्टीनं—"

"हात लावायचा नाही!"

मी यंत्राला हात लावला नाही. मी फक्त हवेला हात लावला!

कोरड्या हवेत विद्युत साचते आणि दमट हवेत ती गुपचूप निसटून जाते, एवढे मी कुठेतरी वाचले होते. म्हणजे रोगाचे मूळ कोरडेपणात होते. ताई बाहेर गेल्याबरोबर मी घरची किटली आणली, शेजारच्यांची किटली आणली, आमची दोन मोठी पातेली आणली आणि शेगड्यांवर पाणी उकळायला ठेवले. हॉलमध्ये दोऱ्या बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या. फोरमनकाका कमरेवर हात ठेवून हे पाहत उभे होते. काका यंत्र चालवण्यात हयात घालवलेले गृहस्थ. जगातल्या प्रत्येक बिघाडावर त्यांचे एक मत असते आणि बिघाड दुरुस्त झाला तरी मत बदलत नाही.

"भाऊ, इथं बाळंतपण आहे की काय?" त्यांनी विचारले.

"काका, आपण आर्द्रता निर्माण करतोय."

"उगाच. स्टॅटिक हवेत नसतं, माणसाच्या अंगात असतं. माझं ऐकाल तर—"

मी ऐकले नाही. दुपार कलेपर्यंत हॉलमध्ये असे धुके दाटले, की आपण कारखान्यात आहोत की कोणाच्या तरी अर्धवट स्वप्नात, हे कळेनासे झाले. दिवे दूरच्या गावासारखे लुकलुकत होते. यंत्राचा आवाज येत होता, यंत्र दिसत नव्हते.

"काका, कुठे आहात?"

"मी कुठं आहे ते मला दिसलं असतं तर सांगितलं असतं ना!"

तेवढ्यात धुक्यातून फाडकन आवाज आला. पॅकिंग करणाऱ्या मावशी ओल्या चादरीत शिरल्या होत्या आणि अंगचटीला कोण आले, असे समजून त्यांनी चादरीच्या थोबाडीत मारली होती!

एवढे मात्र खरे, की कागद आता एकमेकांना चिकटत नव्हते. ते एकमेकांशेजारी राहायलाच तयार नव्हते! कागद भारी तहानलेला प्राणी आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्याने मिळेल तेवढी वाफ पिऊन घेतली आणि त्याच्या कडांना लाटा आल्या. थप्पी बाजूने पाहिली तर भरतीचा समुद्र. वरून पाहिली तर त्याहून वाईट.

ताई परतली तेव्हा दारातच थबकली. मग धुक्याला उद्देशून म्हणाली, "तो कुठे आहे?"

धुक्याने, म्हणजे फोरमनकाकांनी, माझ्या दिशेने बोट दाखवले असावे.

"हे काय आहे?"

"आर्द्रता, ताई."

"उद्या साहेब येणार! आणि माझ्या कागदाला तू कुरळे केस आणलेस?"

"पण चिकटत नाहीत बघ!"

"रुसलेली जाऊही चिकटत नाही! म्हणून तिला छापखान्यात पाठवू?"

मी खजील झालो. पण खचलो नाही. दमटपणाने बिघडले ते कोरडेपणाने सुधारेल, इतका साधा न्याय माझ्याजवळ होता. घरी जाण्यापूर्वी मी सापडतील तेवढे हीटर लावले, सापडतील तेवढे पंखे त्यांच्यामागे उभे केले आणि निश्चिंत झालो. रात्रभर त्या हॉलमध्ये गरम वारे वाहत राहिले.

सकाळी दार उघडले. हवेत ओलाव्याचा टिपूस नव्हता. जीभ टाळूला चिकटत होती. दाराच्या मुठीने मला बोटावर असा काही चिमटा काढला, की मी तिची क्षमा मागितली! आत मावशींनी कात्री उचलली आणि 'आई गं' म्हणून टाकली. फोरमनकाकांचे उरलेसुरले केस डोक्यावर ताठ उभे होते, सुगीनंतर शेतात राहिलेल्या धाटांसारखे. आणि पट्टीच्या सुया? पंख्यांनी रात्रभर हॉलमधली कागदाची भुकटी उडवून त्यांच्यावर नेऊन बसवली होती. प्रत्येक सुईने मऊ, पांढरे टोपडे घातले होते. थंडीच्या दिवसांत शाळेत निघालेल्या मुलींची रांग जणू! टोपडे घातलेली सुई कशाची फुंकर घालते? तिने संप केला होता.

मला हे कळले नाही. मी सुया पाहिल्या आणि किती मोहक दिसतात, एवढाच विचार केला.

"बघा!" फोरमनकाका विजयी स्वरात म्हणाले. "मी काय म्हणत होतो? अंगात भरतं ते! माणसाला अर्थिंग पाहिजे!"

या खेपेला मी ऐकले. कधी कोणाचे ऐकावे, याचा मुहूर्त मला जन्मात साधलेला नाही.

काकांनी तांब्याच्या तारेचे भेंडोळे काढले. आम्ही सर्वांनी चपला-बूट काढले. तारेचे एक टोक भिंतीजवळच्या पाण्याच्या लोखंडी नळाला आणि तिथून फाटे काढून प्रत्येकाच्या घोट्याला. दावणीला बांधलेल्या गुरांसारखे आम्ही तिघे उभे राहिलो. तार एकच होती, त्यामुळे काका बटण दाबायला पुढे गेले की मावशी मागे ओढल्या जात आणि मावशींनी तिकडून हिसका दिला की मी एका पायावर नाचू लागे.

"काका, हळू! मी पडेन!" मावशी ओरडल्या.

"मावशी, तुम्ही पडा, पण तार सोडू नका!"

"मेल्या, तूच पड की!"

नेमके याच वेळी बाजूच्या दारातून साहेब आत आले.

ठरल्यापेक्षा लवकर आले. ताई हॉलमध्ये न येताच त्यांना पुढच्या फाटकातून आणायला गेली होती. म्हणजे ती तिकडे वाट पाहत होती आणि इकडे वाट लागत होती! साहेब म्हणजे भव्य पुरुष. छातीवर रुळणारी दाढी, अंगात केसाळ लोकरीचा कोट, पायांत जाड रबरी तळव्यांचे बूट. ते थोडे बोलत. पण बोलले की निकाल लागल्यासारखा वाटे. त्यांनी आमच्या अनवाणी पायांकडे पाहिले, तारेकडे पाहिले, नळाकडे पाहिले.

"हे कोण?" त्यांनी हळूच विचारले.

"मी ताईंचा धाकटा भाऊ! या, या साहेब!" मी हात पुढे केला.

चट्ट!

आमच्या दोन हातांमध्ये निळी ठिणगी उडाली. साहेबांनी आपला तळवा उलटसुलट करून पाहिला.

"स्वागत जोरदार आहे," ते म्हणाले.

"ही तर सुरुवात आहे!" मी म्हणालो. संकटात माझे तोंड मला विचारून चालत नाही. "काका, यंत्र चालू करा! साहेबांना थप्पी दाखवू!"

काकांनी यंत्र चालू केले. पहिले काही कागद सभ्यपणे आले. त्यानंतरच्याने पट्ट्याच्या टोकाशी क्षणभर विचार केला, थप्पीकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले आणि साहेबांची निवड केली! तो तरंगत आला आणि त्यांच्या पोटावर सपाट बसला. साहेबांनी तो काढला. तो हाताला चिकटला. त्यांनी हात झटकला. तो दुसऱ्या हाताला गेला. मी मदतीला धावलो आणि तो माझ्या छातीवर आला. मी तो ओढून काढेपर्यंत साहेबांच्या पाठीवर दुसरा, मांडीवर तिसरा!

"काढा हो!" साहेब म्हणाले.

"काढतोय, साहेब! तुम्ही जरा वळा!"

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही!"

साहेब गोल फिरू लागले. त्यांच्याभोवती मी फिरू लागलो. माझ्या घोट्याला तार असल्यामुळे माझ्यामागे मावशी फिरू लागल्या. यंत्राच्या कडेला कापलेल्या अरुंद पट्ट्यांची पेटी असते. त्या चक्रीवादळात ती लवंडली आणि कात्रणांचा थवा उठला. पांढऱ्या, हलक्या, वेड्या झालेल्या पट्ट्या! साऱ्यांनी मिळून एकच आसरा शोधला : साहेबांची दाढी. पाहता पाहता तो भारदस्त चेहरा कापसाच्या बोंडासारखा फुलला. त्यातून फक्त दोन डोळे दिसत होते आणि त्यांत माझ्याविषयी काहीही चांगले नव्हते.

"साहेब भरले!" फोरमनकाका ओरडले. "साहेब पूर्ण भरलेत! आधी त्यांना अर्थिंग द्या!"

"मला काय द्या?" बोंडातून आवाज आला.

काकांनी यंत्र बंद केले. पण आता त्यांना स्वतःला बंद करणारे बटण कुठेच नव्हते. त्यांनी साहेबांना नळाजवळ नेले. मी त्यांचे बूट उपसले. मावशींनी मोजे ओढले, तेही मायेने, "पाय किती गारठलेत हो तुमचे" असे म्हणत. काकांनी घोट्याला तारेचे तीन वेढे दिले आणि टोक पिळून पिळून घट्ट केले. राहिलेली विद्युत जावी म्हणून मी कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेतला आणि साहेबांच्या डोक्यापासून कोटापर्यंत बारीक तुषार सोडू लागलो.

दार उघडले. साहेब बाजूच्या दाराने आत गेल्याचे फाटकावर कळल्याने हातात चहाचा ट्रे घेऊन ताई उभी होती.

तिने पाहिले ते असे : तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अनवाणी होते, नळाला बांधलेले होते, त्याच्या तोंडाला कागदाचा फेस आला होता आणि तिचा सख्खा भाऊ त्याला पाणी घालत होता.

ट्रेमधल्या कपबशा आपसांत बोलू लागल्या.

"हे... काय... चाललंय?"

"साहेबांना अर्थिंग देतोय, ताई!"

ताईने ट्रे खाली ठेवला. ती माझ्यावर ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने वळून त्या पोपटी यंत्राकडे पाहिले; गाडी सुटताना खिडकीतल्या माणसाकडे पाहावे तसे. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, साहेबांना सोडा."

काका खाली बसले. तार सुटेना. ती इतकी पिळली होती, की पक्कड हवी होती. पक्कड सापडेना. काका एका कोपऱ्यात शोधू लागले, मावशी दुसऱ्या. मी शोधायला निघालो, तेव्हा ताईने फक्त "तू नाही" असे म्हटले आणि मी जिथे होतो तिथेच रुजलो.

साहेब नळापाशी उभे राहिले. माणसाला बांधून ठेवले आणि काही काम दिले नाही, की त्याचे हात आपोआप आपल्या धंद्याकडे वळतात. साहेबांच्या हाताच्या अंतरावर एकच गोष्ट होती : रवानगीसाठी बांधून ठेवलेली एक थप्पी. त्यांनी तिचे वेष्टण कोपऱ्यात फाडले, अंगठा लावला आणि छापखान्यातली माणसे जन्मभर जे करतात ते केले. कागदांचा कोपरा वाकवून सोडून दिला.

फुर्रर्र!

कागद एकेक करून सुटले. कबुतरांचा थवा उडावा तसे, प्रत्येकाला आपापले पंख. कोणी कोणाला धरले नाही, कोणी कोणाला ओढले नाही. साहेबांनी पुन्हा अंगठा लावला. पुन्हा फुर्रर्र!

काकांना पक्कड सापडली होती, ती त्यांच्या हातातच राहिली.

"ही थप्पी कुठली?" साहेबांनी विचारले.

"याच यंत्रावरची," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तो कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा वाटला. "परवाची."

"मग आजची अशी का?"

मावशींना खोटे बोलता येत नाही आणि गप्प त्याहून बसवत नाही.

"ही धाकट्या साहेबांनी किटल्या आणायच्या आधीची आहे," त्या म्हणाल्या.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी फवाऱ्याकडे पाहिले.

साहेब मात्र माझ्यात रमले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "तुमची थप्पी सुटी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग माझ्याकडे आल्यावर का चिकटते?" बोलता बोलता त्यांची नजर आपल्या घोट्याकडे गेली. घोट्यावरून तारेवर, तारेवरून नळावर. ती तिथे बराच वेळ थांबली. मग त्यांनी फोन काढला. दोन्ही कानांवर कागद बसलेले असल्यामुळे त्यांना स्पीकर लावावा लागला आणि म्हणून हे संभाषण आम्हा सर्वांच्या वाट्याला आले.

"हॅलो, मी बोलतोय. आपल्या छपाईच्या यंत्राला अर्थिंगची तार असते ना, मागच्या बाजूला?"

"असायची, साहेब," पलीकडून मशीनवाला म्हणाला.

"असायची म्हणजे?"

"तुम्हीच काढायला लावलीत की! लोंबकळताना बरी दिसत नाही, पाहुणे येतात, म्हणालात. मी म्हटलं होतं, साहेब, राहू द्या—"

साहेबांनी फोन बंद केला. दाढीतली एक कात्रणपट्टी सुटून हळूहळू जमिनीवर आली. ताईच्या खालच्या ओठाला कंप सुटला होता. हे रडू नव्हते. ती मालकीण असल्यामुळे तिला हसू आवरणे भाग होते आणि बहीण असल्यामुळे ते आवरत नव्हते. शेवटी साहेबच हसले. आधी दाढी हलली, मग कोट हलला, मग नळाचा पाइप खडखडू लागला आणि मग आम्ही सगळेच, म्हणजे मी सोडून सगळेच, पोट धरून हसू लागलो. मी परवानगीची वाट पाहत होतो.

काकांनी तार तोडली. साहेबांनी मोजे चढवले, चहा प्यायला आणि दाढी शक्य तेवढी झाडली.

"मॅडम, काम तुमच्याकडेच राहील," ते म्हणाले. "कागद परत पाठवला, ती चूक माझी."

ताईने मागे न पाहता हात मागे नेला आणि यंत्राच्या पोपटी पाठीवर ठेवला.

"फक्त एक अट आहे," साहेब म्हणाले. "हे जे तुमचे धाकटे बंधू आहेत—"

"मान्य!" ताई म्हणाली.

"अहो, अट अजून सांगितली नाही मी."

"मान्य आहे म्हटलं ना!"

ती अट नेमकी काय होती, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. दोघे ऑफिसात गेले, दार लावले, आतून दोन वेळा हसण्याचा आवाज आला आणि विषय संपला. यंत्र झकास चालू आहे. माझे टेबल मात्र तेव्हापासून आवाराच्या पार टोकाला, फाटकाजवळच्या झाडाखाली असते. जागा हवेशीर आहे. माझ्या आसपास कागदाचा चिटोराही फिरकू द्यायचा नाही, हा नियम सगळे इतक्या निष्ठेने पाळतात, की माझी हजेरीसुद्धा फोरमनकाका रोज लांबूनच, तोंडी घेतात!